तीन धुऱ्यांचे वावर

वऱ्हाडाच्या नकाशावर अमरावती, अचलपूर आणि दर्यापूर या तीन गावांवर पेन्सिलीने टिंबे द्या आणि ती पट्टीने जोडा. अमरावती ते अचलपूर सरळ रेषेत सुमारे 44 किलोमीटर भरते. अमरावती ते दर्यापूर जवळजवळ तेवढेच, आणि दर्यापूर ते अचलपूर सुमारे 41. एसटीचा रस्ता वळणे घेत जातो, त्यामुळे तिकिटावरचे अंतर जास्त असते. इथे आपण पाखराच्या उड्डाणाचे अंतर धरतो आहोत. तिन्ही बाजू इतक्या सारख्या की डोळ्याला हा त्रिकोण समभुजच वाटतो.

आता अचलपूर सोडा आणि त्याच्या जागी अकोला घ्या. दर्यापूर ते अकोला सुमारे 42 किलोमीटर, दर्यापूर ते अमरावती 44, पण अकोला ते अमरावती 81. दोन बाजू जवळजवळ सारख्या आणि तिसरी लांबलचक. हा समद्विभुजाच्या जवळचा त्रिकोण. आणि अमरावती, अकोला, यवतमाळ घेतले तर सुमारे 81, 72 आणि 122. एकही बाजू दुसरीशी जुळत नाही. हा विषमभुज.

समभुज, समद्विभुज, विषमभुज ही तीन नावे आपण शाळेत पाठ केली, परीक्षेत जोड्या लावल्या आणि पुढे गेलो. बाजू मोजायच्या, किती सारख्या निघतात ते पाहायचे, नाव द्यायचे. इतके सोपे वाटते की यात समजून घेण्यासारखे काही उरले असेल असे मनात येत नाही. पण त्रिकोण कोणत्या जातीचा आहे यावर बरेच काही अवलंबून असते. त्याच्यावर किती विसंबता येईल, तो कुठून कापला तर सारखे दोन भाग पडतील, आणि एखाद्या भावाच्या वाटणीला सहा आर जमीन कमी जाईल की नाही, हेसुद्धा.

नकाशापासूनच सुरुवात करू, कारण नकाशा मुळात त्रिकोणांतूनच तयार झाला. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ एक आधाररेषा मोजायला घेतली आणि तिथून भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झाले. सुमारे 78 अंश पूर्व रेखांशाच्या कडेने कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, जवळजवळ 2,400 किलोमीटर लांबीची त्रिकोणांची माळ पुढच्या काही दशकांत विणली गेली. ही माळ वऱ्हाडातून गेली. लॅम्ब्टनला तिचा शेवट पाहता आला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला तो वारला आणि तिथेच त्याला पुरले. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. इंग्रज मोजणीदारांच्या कागदांत ‘टाकल खेरा’ असे नाव असलेले वऱ्हाडातले ठाणे अमरावतीच्या उत्तरेला, सुमारे 21 अंश 6 मिनिटे अक्षांशावर होते. तिथल्या वेधांत एव्हरेस्टला फरक दिसला. उत्तरेकडचे डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढत असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्याने काढला. सातपुड्याच्या डोंगररांगांमुळे ओळंबा सरळ खाली लोंबत नाही, तो किंचित कलतो. भूमापनाच्या इतिहासात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती आपल्या मातीत घडली, याचा मला अभिमान वाटतो.

अशा सर्वेक्षणात जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती एकच बाजू, आधाररेषा. बाकी सारे कोन. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट टेकडीवर चढवायचे, दूरच्या दोन ठाण्यांकडे रोखून कोन वाचायचा आणि उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या. मग त्यांतलीच एक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. म्हणजे एका त्रिकोणातली चूक पुढच्या त्रिकोणात जाते, तिथून त्याच्या पुढच्या. म्हणून मोजणीदार त्रिकोण निवडून घेत. शक्यतो समभुजाच्या जवळचे.

का, ते आकड्यांतच पाहू. समजा आपल्याला 40 किलोमीटरची बाजू काढायची आहे आणि माहीत असलेल्या बाजूसमोरचा कोन वाचताना एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली. त्रिकोण समभुज असेल, तो कोन 60 अंशांचा असेल, तर काढलेल्या बाजूत सुमारे 7 मीटरची चूक येते. तोच कोन 10 अंशांचा, म्हणजे त्रिकोण अगदी निमुळता असेल, तर तेवढ्याच चुकीने सुमारे 66 मीटरचा फरक पडतो. वाचणारा तोच, यंत्र तेच, चूकही तेवढीच. फक्त त्रिकोणाची जात बदलली आणि नुकसान जवळजवळ दहापट झाले. अमरावती–अचलपूर–दर्यापूर हा त्रिकोण मोजणीदाराला आवडेल. अकोला–दर्यापूर–अमरावतीकडे तो पाठ फिरवील.

आणखी एक त्रिकोण पाहा. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. मुंबईहून भुसावळमार्गे येणारी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली ती याच तीन ठाण्यांवरून. सरळ अंतरे मोजली तर अकोला ते मूर्तिजापूर सुमारे 38, मूर्तिजापूर ते बडनेरा सुमारे 40, आणि अकोला ते बडनेरा सुमारे 77. पहिल्या दोन बाजूंची बेरीज 78. तिसरीपेक्षा जेमतेम एक किलोमीटर जास्त. कागदावर हा त्रिकोण काढला तर मूर्तिजापूर पायथ्याच्या रेषेला जवळजवळ चिकटलेले दिसते. ती बेरीज आणखी थोडी कमी होऊन 77 झाली असती, तर त्रिकोण उरलाच नसता, सरळ रेषा झाली असती. आणि 76 झाली असती तर? तशी तीन गावे पृथ्वीवर असूच शकत नाहीत.

बाजूंवरून त्रिकोणाची जात ठरवण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि शाळेत नेमका तोच मागे पडतो: या तीन बाजूंचा त्रिकोण होतो तरी का? भास्कराचार्यांनी तो 1150 मध्ये विचारला. ‘लीलावती’त ते सांगतात, की एखाद्या धीट माणसाने 3, 6 आणि 9 अशा बाजूंचा त्रिकोण पुढे केला, तर ते क्षेत्रच नव्हे असे समजावे. कारण 3 आणि 6 मिळून 9 होतात, नवाच्या पुढे जात नाहीत. सिद्धता कशी द्यायची तेही त्यांनी सांगितले आहे. तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घ्याव्यात, बाजूंच्या जागी मांडाव्यात आणि त्या जुळत नाहीत हे दाखवून द्यावे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात इतकी हाताने करून पाहायची सिद्धता आहे! आजच्या कोणत्याही वर्गात ती पाच मिनिटांत करता येईल.

‘लीलावती’चे नाते फक्त खान्देशातल्या पाटणशी नाही, वऱ्हाडाशीही आहे. पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याचा 1207 चा शिलालेख आहे. ते अनेकांना माहीत असते. पण एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, मुलखात पयोष्णीच्या काठी दधिग्राम नावाचे गाव होते, तिथल्या एका घराण्यात पिढ्यान् पिढ्या गणिती आणि ज्योतिषी झाले, हे वऱ्हाडातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असे सामान्यतः मानतात. या घराण्यातले बल्लाळ काशीला गेले. त्यांचा मुलगा कृष्ण दैवज्ञ याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर टीका लिहिली, दुसरा मुलगा रंगनाथ याने ‘सूर्यसिद्धान्ता’वर, आणि रंगनाथाचा 1603 मध्ये जन्मलेला मुलगा मुनीश्वर याने ‘लीलावती’वर ‘निसृष्टार्थदूती’ ही टीका रचली. अमरावती आणि अकोल्याच्या शाळांत ‘लीलावती’चे नाव येते, तेव्हा मुनीश्वराचेही नाव यायला हवे.

भास्कराचार्यांच्या काड्या आपणही घेऊ. आगपेटीतल्या बारा काड्या पुरेत. बाराही काड्या वापरायच्या, एकही मोडायची नाही, आणि किती वेगवेगळे त्रिकोण होतात ते पाहायचे. फक्त तीन होतात. 4-4-4, 5-5-2 आणि 3-4-5. पहिला समभुज, दुसरा समद्विभुज, तिसरा विषमभुज. प्रत्येक जातीचा बरोबर एक. 6-4-2 करून पाहाल तर तो भास्कराचार्यांच्या 3-6-9 सारखा सपाट पडेल. नऊ काड्यांतही तिन्ही जाती एकेकदाच येतात: 3-3-3, 4-4-1 आणि 2-3-4. नऊपेक्षा कमी काड्यांत विषमभुज होतच नाही. बारांचा वेगळेपणा असा, की त्यांतला 3-4-5 हा काटकोन त्रिकोण आहे. घराची आखणी करताना गवंडी गुण्यावर विसंबून न राहता दोरीने 3, 4 आणि 5 फूट धरून कोपरा तपासतो, तो हाच. तीन बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतो, म्हणूनच त्याचे काम साधते.

नावांचाही एक प्रश्न आहे. समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणायचे का? युक्लिडने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास व्याख्या केली, तीत समद्विभुजाच्या फक्त दोनच बाजू सारख्या हव्यात. म्हणजे समभुज त्यातून वगळला गेला. आपल्याकडे महावीराचार्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, 850 च्या सुमारास, ‘गणितसारसंग्रहा’त त्रिकोणाचे सम, द्विसम आणि विषम असे तीन प्रकार सांगितले, चौकोनाचे पाच आणि वक्र आकृत्यांचे आठ. आजचे गणिती मात्र किमान दोन बाजू सारख्या असल्या की समद्विभुज म्हणतात, आणि समभुजाला त्याच कुळातला एक खास सदस्य मानतात. मला हीच रीत योग्य वाटते. समद्विभुजात सारख्या बाजूंसमोरचे कोन सारखे असतात, हे एकदा सिद्ध केले की समभुजासाठी वेगळे काही करावे लागत नाही. तेच प्रमेय त्याला दोनदा लावले की तिन्ही कोन सारखे, म्हणून प्रत्येक 60 अंशांचा. मुलांपुढे तीन बंद डबे ठेवण्यापेक्षा हे नाते दाखवणे जास्त उपयोगाचे.

आणि विषमभुजाला उरलासुरला समजू नये. मोजपट्टी पुरेशी बारीक घेतली तर शेतातला, रस्त्यातला, नकाशातला जवळजवळ प्रत्येक त्रिकोण विषमभुजच निघतो. अमरावती ते अचलपूर आणि अमरावती ते दर्यापूर ही अंतरे मीटरपर्यंत मोजली तर ती सारखी येणार नाहीत. समानता माणूस घडवतो. जिनिंगच्या शेडवरची कैची समद्विभुज असते, कारण टिनाचे दोन्ही उतार सारखे असावेत म्हणून ती तशी बनवलेली असते. जमीन अशी कोणी बनवलेली नसते.

म्हणून आता जमिनीकडे येऊ. वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात आणि त्याच्या बांधाला धुरा. वावर नाल्याच्या काठाने, पांदणीच्या वळणाने, जुन्या वाटण्यांमुळे कसेही कापलेले असते. त्याचे क्षेत्र काढायचे तर गावात अजूनही एक हिशेब चालतो: समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. वावर चौरस किंवा आयत असेल तर उत्तर बरोबर येते. नसेल तर ते नेहमी जास्तच येते, कमी कधीच येत नाही.

चारही धुरे 60 मीटरचे असलेले वावर घ्या. गावच्या हिशेबाने 3,600 चौरस मीटर, म्हणजे 36 आर. पण चार बाजूंनी चौकोन ठरत नाही. चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडून दाबला तर तो कलतो, बाजू त्याच राहतात. म्हणून त्याचा कर्णही मोजला पाहिजे. कर्ण 72 मीटर भरला तर वावराचे 60-60-72 असे दोन समद्विभुज त्रिकोण होतात, प्रत्येकी 1,728 चौरस मीटरचे, मिळून 34.56 आर. आणि कर्ण 60 मीटरच भरला तर दोन समभुज त्रिकोण होतात आणि क्षेत्र उतरते सुमारे 3,118 चौरस मीटरवर. चार धुरे तेच, पण जवळजवळ पावणेपाच गुंठे गेले. कर्ण न सांगता चौकोनाचे नेमके क्षेत्र विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. त्यांचा राग मला पटतो. कर्ण काढला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण तीन बाजूंनी पक्का ठरतो, तो कलत नाही. साखळीने मोजणी करणारे म्हणूनच प्रत्येक वावराचे त्रिकोण पाडत.

तीन बाजूंवरून क्षेत्र काढायची रीत सोपी आहे. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करा. त्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वजा करा. निम्मे आणि तिन्ही वजाबाक्या यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्या. ‘लीलावती’तल्या 13, 14, 15 बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्र 84 येते. हाच त्रिकोण दहापट मोठा करून वावर समजू: धुरे 130, 140 आणि 150 मीटर. बेरजेचे निम्मे 210, वजाबाक्या 80, 70 आणि 60, वर्गमूळ 8,400. म्हणजे 84 आर, जुन्या हिशेबाने सुमारे 83 गुंठे, दोन एकरांहून थोडे जास्त. या रीतीत लपलेल्या गमतीही आहेत. 50-50-60 आणि 50-50-80 या दोन समद्विभुज वावरांचे धुरे वेगळे, पण क्षेत्र एकच, 12 आर. लांब धुरा पाहून मोठे वावर म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता 130-140-150 चे हे वावर दोन भावांत वाटायचे आहे. विहीर 130 आणि 150 च्या धुऱ्यांच्या कोपऱ्यावर आहे, दोघांनाही पाण्यापर्यंत पोहोचायचे आहे. म्हणून त्या कोपऱ्यातून समोरच्या 140 मीटरच्या धुऱ्यापर्यंत एक नवा धुरा टाकायचा. पण तो नेमका कुठे टेकवायचा? एकजण म्हणेल, कोपऱ्यातला कोन बरोबर मधोमध कापा, दोघांना सारखा कोन. हे न्याय्य वाटते. दुसरा म्हणेल, समोरच्या धुऱ्यावर काटकोनात सरळ जा, रेषा सगळ्यांत आखूड पडेल. तिसरा म्हणेल, समोरचा धुरा मोजा आणि त्याच्या मध्यावर टेका.

वावर समद्विभुज असते, कोपऱ्याला मिळणारे दोन धुरे सारखे असते, तर तिघांची रेषा एकच पडली असती आणि भांडणच उरले नसते. समभुज असते तर तिन्ही कोपऱ्यांतून तसेच झाले असते. पण हे विषमभुज आहे, आणि इथे तिन्ही रेषा वेगळ्या पडतात. 130 च्या बाजूने मोजले तर काटकोनातली रेषा 50 मीटरवर टेकते आणि वावराचे 30 व 54 आर असे भाग होतात. कोन दुभागणारी रेषा 65 मीटरवर टेकते, भाग 39 आणि 45 आर. मध्यावरची रेषा 70 मीटरवर टेकते आणि दोघांना 42-42 आर मिळतात. सारखा कोन घेणाऱ्या भावांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा सहा आर कमी जाते, आणि कोन मोजताना कोणी लबाडी केलेली नसते. समोरच्या धुऱ्याचा मध्यबिंदूच सारखी वाटणी करतो, त्रिकोण कोणत्याही जातीचा असो, कारण दोन्ही भागांचा पाया सारखा आणि उंची एकच असते.

कायदेशीर वाटणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते, ती करून घ्यावीच. पण अर्ज देण्याआधी टेप घेऊन स्वतः वावरात जा. तिन्ही धुरे मोजा. वावर चौकोनी असेल तर कर्णही मोजा, आकडे वहीत लिहा आणि क्षेत्र काढून सातबाऱ्याशी ताडून पाहा. घरात सातवी-आठवीतले मूल असेल तर टेपचे दुसरे टोक त्याच्या हातात द्या.